व्याह्यांची कंबर

रावेरच्या गिरधरभाऊंनी आयुष्यभर केळीचे घड उचलले. बागेतून खांद्यावर, खांद्यावरून ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरवरून ट्रकमध्ये. हाताखाली मजूर आले, पॅकिंगच्या खोक्यांचा जमाना आला, तरी कापणीच्या दिवशी पहिला घड तेच उचलायचे. त्या कमरेने कधी कुरकुर केली नाही. ती गेली ती धुळ्यात, देवपुरात, व्याह्यांच्या दारात, मानपानाच्या भानगडीत.

नातवाचं जाऊळ होतं. मोनाली त्यांची एकुलती एक मुलगी, धुळ्याला दिलेली. जावई हितेंद्र कॉलेजात शिकवायचा आणि त्याचे वडील भटूआप्पा एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आता मुलीच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? गिरधरभाऊंनी बागेतला सगळ्यात भरदार घड निवडला, केळीच्याच पानात गुंडाळला आणि जीपच्या मागच्या बाजूला झोपवून भुसावळ, जळगाव, पारोळा करत धुळ्याला आणला.

दारात जीप थांबली. गिरधरभाऊंनी घड खाली उतरवला आणि टोपी नीट करायला क्षणभर जमिनीवर ठेवला. तेवढ्यात भटूआप्पा घरातून धावत आले.

"नही नही याही, हात लावू नका! तुम्ही पाव्हना शेतस!"

"अहो, मी रोज उचलतो हे. तुम्ही कायले वाकता?"

"मना दारमा पाव्हनानी वझं उचलानं? लोके काय म्हनतीन?"

"आणि मुलीकडच्यानं मुलाकडच्याले उचलू द्यायचं? मले गावात तोंड दाखवायचं आहे."

असं म्हणत दोघेही एकदम वाकले. दोघांनीही घडाला हात घातला, दोघांनीही एकाच क्षणी जोर लावला, तो मात्र वेगवेगळ्या दिशांना. कुठेतरी 'कट' असा आवाज झाला. पुढे कित्येक महिने तो आवाज कोणाच्या कमरेतून आला यावर वाद चालला. त्या क्षणी एवढंच झालं, की घड जमिनीवर राहिला आणि दोन व्याही त्याच्यावर वाकलेले तसेच राहिले. कपाळाला कपाळ टेकायला चार बोटं कमी.

गिरधरभाऊंना वाटलं, आपण आता सरळ होऊ. झालेच नाहीत. कमरेत कोणीतरी गरम सळई उभी केली होती आणि तिचं दुसरं टोक डाव्या पायाच्या पोटरीत निघालं होतं. समोर भटूआप्पांचे डोळे पांढरे झालेले दिसत होते. पण दोघांपैकी कोणीही कण्हलं नाही. व्याह्यासमोर कसं कण्हणार?

मांडवातली माणसं कौतुकाने बघत होती. "याला म्हणतात व्याही," एक म्हातारे म्हणाले. "किती वेळ झाला, दोघं एकमेकांना वाकून नमस्कारच करताहेत. आधी कोण सरळ होईल सांगता येत नाही." फोटोग्राफरने बाजूने एक आणि वरून एक फोटो काढला. मोनालीच्या सासूबाई सुनंदाबाई पदर डोक्यावर घेऊन भारावून उभ्या राहिल्या.

शेवटी गिरधरभाऊंसोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंनाच शंका आली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने कोणालाही इतका वेळ नमस्कार केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या जवळ आल्या, खाली वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय झालं?"

"घड उचल," गिरधरभाऊ दातावर दात ठेवून म्हणाले.

कुंदाबाईंनी घड उचलून कमरेवर घेतला आणि आत नेऊन ठेवला. त्यांना काहीही झालं नाही.

जाऊळ पार पडलं. नातू चुलत मामाच्या मांडीवर रडला, पाहुण्यांनी वरण-बट्टी खाल्ली आणि दोन्ही आजोबा पुढच्या खोलीत दोन खाटांवर आडवे पडून छताकडे बघत राहिले. गिरधरभाऊंचा बेत संध्याकाळीच रावेरला परतायचा होता, पण जीपमध्ये बसायला गेले आणि बसता येईना. झोपवून न्यावं तर जीपमध्ये पाय मावेनात. घरात खालच्या मजल्यावर खोली एकच. त्यामुळे मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर त्यांचा मुक्काम पडला.

हे दुखणं एक आणि शिष्टाचार दुसरा. सकाळी दोघांनाही बाथरूमला जायचं असायचं आणि दोघांनाही धरून न्यायला हितेंद्र एकटाच.

"तुम्ही आधी जा, भटूआप्पा."

"नही याही, पह्यले तुम्ही."

"अहो, घर तुमचं."

"म्हनीसनच पह्यले तुम्ही."

हितेंद्र मधे उभा राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघायचा. एकदा तर त्याला तासाला उशीर झाला तरी निर्णय झाला नाही. त्या दिवसापासून सुनंदाबाईंनी पाळी लावून दिली, सोम-बुध-शुक्र माहेरचे आधी, बाकीचे दिवस सासरचे.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो एक उपाय ठेवून जाई. गरम वीट झाली, मिठाची पुरचुंडी झाली, निरगुडीचा पाला झाला, एरंडेल झालं. खोलीत पाऊल टाकलं की आयुर्वेदाच्या दुकानात आल्यासारखं वाटायचं. एका शेजाऱ्याने दोघांच्याही खाटांखाली लोहचुंबक ठेवला. त्याने कंबर बरी झाली नाही, पण सुनंदाबाईंची हरवलेली सुई सापडली.

मग कोणीतरी पायाळूचा विषय काढला. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण जाते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण पायाळू माणूस आणायचा कुठून? देवपुरात चौकशी झाली. साक्रीकडे एक म्हातारी आहे म्हणून कळलं, पण ती आता स्वतःच अंथरुणावर होती. हे सगळं बोलणं चालू असताना कुंदाबाई दाराशी बसून मेथी निवडत होत्या आणि निवडलेली मेथी परत न निवडलेल्या मेथीत टाकत होत्या.

"कुंदा," गिरधरभाऊ खाटेवरून हळूच म्हणाले, "बोलू नको."

पण तोवर सुनंदाबाईंनी बघितलं होतं. "काय हो विहीणबाई, तुम्हाला कोणी माहीत आहे का?"

कुंदाबाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी मान खाली घातली. "आमची मोनाली पायाळू आहे."

लग्नाच्या वेळी ही गोष्ट सांगायची राहून गेली होती, म्हणजे कोणी विचारलीच नव्हती. आता प्रश्न त्याहून मोठा होता. सुनेने सासऱ्याला लाथ मारायची?

मोनालीने साफ नकार दिला. हितेंद्र म्हणाला, ही अंधश्रद्धा आहे, उद्या डॉक्टरकडे जाऊ. पण भटूआप्पांनी खाटेवरूनच निर्णय दिला. तीस-पस्तीस वर्षं घाटातून गाड्या नेलेला माणूस, एकदा ठरलं की ठरलं. "बेटा, मी सांगस म्हनीसन मार. पाप लागनं तर माले लागी."

वडीलकीचा हुकूम मोडवेना. मोनालीने हातपाय धुतले, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, चुकलंमाकलं माफ करा म्हणाली आणि पायाचा अंगठा त्यांच्या सदऱ्याला जेमतेम टेकवला.

"लागनं नही," भटूआप्पा म्हणाले. "जोरमा मार."

"मामंजी, मला जमणार नाही!" म्हणून मोनाली रडायला लागली. तिने परत नमस्कार केला. असे तीन नमस्कार आणि तीन न लागलेल्या लाथा झाल्या. नंतर तिने वडिलांच्याही कमरेला अंगठा टेकवला. गिरधरभाऊंना त्या अंगठ्याचा स्पर्श कळला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. तिचा पाय चुकून त्यांच्या डाव्या पावलाला घासला होता, तो मात्र कळला नव्हता. त्यांनी हाताने पाऊल चाचपलं. करंगळीकडची सगळी बाजू दुसऱ्याच कोणाचीतरी असल्यासारखी लागली. आपण शेजारच्या खाटेवरचा पाय धरला की काय, असं वाटून त्यांनी खात्री करून घेतली. पाय त्यांचाच होता.

त्या दुपारी बातमी गल्लीत पसरली आणि चार-पाच शेजारी कंबर धरून दारात उभे राहिले. मोनाली बाळाला घेऊन वरच्या मजल्यावर गेली आणि आतून कडी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रने रिक्षा न बोलावता थेट रुग्णवाहिकाच बोलावली आणि दोघांना झोपवून मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय झाला. भटूआप्पा मशीनमधून बाहेर आले ते नाराज होऊनच. "इंजिन मिसिंग करी राह्यनं त्यानं," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "एक डाव गॅरेजमा दखाडा."

डॉक्टरांनी दोघांचे फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. मग फोटो सोडून त्यांनी दोघांच्या पायाला टाचणी टोचून बघितली, गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय सरळ उचलून बघितले, टाचेवर आणि चवड्यावर उभं केलं. गिरधरभाऊ केळीवाले आहेत हे कळल्यावर त्यांनी सोपं करून सांगितलं.

"दोन मणक्यांच्या मधे गादी असते. केळं सालीसकट दाबलं की साल फाटून गर बाहेर येतो ना, तसं झालंय. तो गर पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकलाय. म्हणून कळ पायात जाते आणि पाय बधिर होतो."

"मंग तो गर काढून टाकायचा का?"

"लगेच नाही. बहुतेकांचा गर शरीर आपणच हळूहळू जिरवतं. गोळ्या, थोडी विश्रांती, मग चालणं आणि फिजिओथेरपी. दीड-दोन महिन्यांत बहुतेक माणसं ऑपरेशनशिवाय बरी होतात. दुखलं म्हणजे कापायलाच हवं असं नसतं, आणि ऑपरेशन म्हणजे अपंगत्व असंही नसतं." मग त्यांनी बोट वर केलं. "पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. लघवी किंवा संडासावरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद कमी व्हायला लागली, तर त्याच दिवशी यायचं. तेव्हा थांबायचं नाही."

या तीन गोष्टी कुंदाबाई आणि सुनंदाबाईंनी मंत्रासारख्या पाठ केल्या. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चहाच्या आधी चौकशी सुरू झाली. "लघवी झाली का?" कुंदाबाई दारातून विचारायच्या. "झाली," गिरधरभाऊ पांघरुणातून म्हणायचे. "आणि आप्पांची?" "मना बी व्हयनी," भटूआप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे. उभ्या आयुष्यात गिरधरभाऊंना इतकी लाज वाटली नव्हती. व्याह्यांशी बोलायला हवामान होतं, भाव होते, एसटीचे रस्ते होते. आता रोज पहिला विषय हाच.

पुनम नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. वयाने मोनालीएवढी, पण आवाज हवालदाराचा. तिने दोघांना वेगवेगळे व्यायाम दिले आणि रोज गॅलरीत थोडं टाचेवर आणि थोडं चवड्यावर चालायला सांगितलं, ताकद कळावी म्हणून. झालं, दोघांनाही आता शर्यतीचं मैदान मिळालं. सकाळी गॅलरीत दोन व्याही कठड्याला धरून पायाचे पंजे वर करून टाचांवर चालायचे. रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरं थांबायची, दूधवाला थांबायचा.

"मना पाय तुमनापेक्षा जास्ती बधिर शे," भटूआप्पा अभिमानाने म्हणायचे.

"कसा जास्त? माह्याले करंगळी नाहीच म्हटलं तरी चालतं."

"माले अंगठा बी नही आनि वरला भाग बी नही."

सुनंदाबाईंनी खराट्याची काडी आणून दोघांच्याही पावलांवर फिरवून बघितली, निकाल काही लागला नाही.

गिरधरभाऊंचं दुखणं उतरत होतं. सकाळी उठताना सळई आता विणकामाच्या सुईएवढी झाली होती. ते घरात फिरू लागले, खुर्चीवर थोडा वेळ बसू लागले. आणि म्हणूनच त्यांना ते ऐकू आलं. भटूआप्पा संडासाकडे जाताना फरशीवर 'फट... फट...' असा आवाज व्हायचा. गिरधरभाऊंनी बघितलं. उजवं पाऊल पुढे टाकताना आप्पा गुडघा वर उचलायचे, जसं पाण्यातून चालताना उचलतात, आणि पाऊल पुढून लोंबत खाली आदळायचं. गॅलरीत टाचांवर चालायची वेळ आली की आप्पा आजकाल म्हणायचे, "आज नको, दूधवाला दखस."

एकदा ते बाहेरून आले तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. ती कधी निसटली हे त्यांना कळलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ती आणून दिली.

"आप्पा," गिरधरभाऊ हळूच म्हणाले, "तुमचा पंजा वर होत नाहीये."

"व्हस ना."

"करून दाखवा."

भटूआप्पांनी उजवा पाय समोर केला आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. गुडघा हलला, मांडी हलली, पंजा जागचा हलला नाही. त्यांनी पाय मागे घेतला. मग म्हणाले, "सांगू नका कोनले. घरना लोके घाबरतीन. ऑपरेशन करीसन मानूस ब्रेक दाबाना लायक राहत नही, मी ऐकेल शे."

गिरधरभाऊ अडचणीत पडले. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाची चहाडी करायची? लग्नाला चार वर्षं झाली, एकदाही त्यांनी व्याह्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. खाटेवर आडवं पडून त्यांनी छताकडे बघितलं. मग शेजारच्या खाटेबाहेर लोंबकळणाऱ्या त्या पावलाकडे बघितलं. ते मेलेल्या माशासारखं शांत होतं. गिरधरभाऊ एकदम उठून बसले, कमरेतली कळ विसरून, आणि कधी नव्हे ते व्याह्यांच्या घरात ओरडले.

"हितेंद्र! गाडी काढ! आप्पाच्या पायातली ताकद गेली!"

"याही!" भटूआप्पा रागाने लाल झाले.

"काय याही? तीन गोष्टींतली तिसरी आहे ही! रुसायचं तर नंतर रुसा."

डॉक्टरांनी आप्पांचा पंजा धरून वर ढकलायला सांगितलं, आप्पांना जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, नसेवरचा दाब आता काढायलाच हवा, उद्या सकाळीच, उशीर केला तर पाय असाच राहू शकतो. बारीक चीर द्यायची, दुर्बिणीतून बघत तेवढा गर काढायचा, दुसऱ्या दिवशी चालवतील.

तेव्हा भटूआप्पांनी वेगळाच पवित्रा घेतला. ते तपासणीच्या खाटेवर पालथे पडले होते, तिथूनच म्हणाले, "ठीक शे. करा. पन करानं तर दोन्हीसनं करा. आम्ही दोन्ही संगेच वाकलूत. मी एकला जावाव नही."

डॉक्टरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "त्यांना गरज नाही."

"काबर गरज नही? त्यासले बी बधिर शे."

गिरधरभाऊ खुर्चीत ताठ बसले. खरं सांगायचं तर त्यांना आतून थोडं लागलंही होतं. व्याह्यांना ऑपरेशन आणि आपल्याला गोळ्या, हे जरा कमीपणाचंच. आणि व्याह्यांचा शब्द आहे म्हटल्यावर... "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "होऊन जाऊ द्या माझंही. लहानसं करा वाटलं तर."

"लहानसं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, तुमची ताकद शाबूत आहे, दुखणं कमी होतंय. तुमची पाठ मी कशासाठी उघडू? मान राखायला?"

"हो," दोन्ही व्याही एकदम म्हणाले.

डॉक्टर बाहेर गेले आणि दारापलीकडून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. मग कुंदाबाई पुढे झाल्या. "व्याहीबुवा," त्या पदर सावरत म्हणाल्या, "ह्यांचं ऑपरेशन नाही करायचं. पण तुम्हाला आत नेतील तेव्हा हे दारापर्यंत येतील, आणि बाहेर आणेपर्यंत बसणार नाहीत. उभे राहतील. चालेल?"

भटूआप्पांनी विचार केला. बसणं हे कंबर गेलेल्या माणसाला सुखाचं नसतं, पण उभं राहणंही सोपं नसतं. तडजोड बरी होती. "चालस," ते म्हणाले.

सकाळी भटूआप्पांना हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर आत नेलं. जाताना त्यांनी वॉर्डबॉयला खाट वळवताना हॉर्न नसल्याबद्दल बोल लावले. गिरधरभाऊ दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. एक नर्स खुर्ची घेऊन आली, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. दुसरी आली, तिलाही तेच. डाव्या पायाखालची फरशी त्यांना अर्धीच कळत होती. उजव्या पायावर भार घेतला की बरं वाटायचं, मग थोड्या वेळाने नाही वाटायचं. येणाऱ्या जाणाऱ्यांना वाटलं, हे बहुतेक दवाखान्याचे राखणदार. दोघांनी त्यांना एक्स-रेचा रस्ता विचारला आणि त्यांनी सांगितला.

आप्पांना बाहेर आणलं तेव्हा ते अर्धवट गुंगीत होते. त्यांनी गिरधरभाऊंना बघितलं आणि पुटपुटले, "बठनात का?"

"नाही बसलो."

"कळ ग्यी," आप्पा म्हणाले आणि डोळे मिटले.

पायातली कळ त्याच दिवशी गेली. पंजा मात्र सवडीने आला. पहिल्या आठवड्यात अंगठा थोडा थरथरला, तर घरात पेढे वाटले गेले. पुनमने पावलाला पट्टा बांधला, रोज पंजा वर उचलायला लावलं. काही महिन्यांनी चप्पल पायात टिकू लागली. घाटातल्या एसटीचा जड ब्रेक आता त्यांना दाबायचा नव्हता, पण हितेंद्रची स्कूटी त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि त्या दिवशी जेवले नाहीत इतके आनंदात होते.

गिरधरभाऊ मात्र आप्पांचं ऑपरेशन झाल्यावर पंधरवड्याने रावेरला परतले, जीपमध्ये बसून, वाटेत पारोळ्याला आणि जळगावला उतरून पाय मोकळे करत. दुखणं गेलं. करंगळीकडची बधिर पट्टी थोडी राहिली, ती डॉक्टर म्हणाले हळूहळू जाईल, कदाचित थोडी राहीलही. ओझं उचलणं बंद. गावात लोक विचारायचे, ऑपरेशन चांगलं की बिनऑपरेशनचं? गिरधरभाऊ म्हणायचे, "डॉक्टरले विचारा. आम्हाले दोघांले वेगवेगळं सांगितलं." हे उत्तर कोणालाच आवडायचं नाही. प्रत्येकाला एकच पक्ष हवा असायचा.

व्यायाम त्यांनी सोडला नाही. घरात पालथं पडलं की नातेवाईक येऊन घाबरायचे, म्हणून ते बागेत जाऊ लागले. केळीच्या दोन ओळींमधे चटई पसरायची, पालथं पडायचं, हात टेकून छाती वर उचलायची, मान वर, मग खाली. कापणीला आलेल्या मजुरांनी पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा एकजण "मालक पडले!" म्हणून धावतच आला.

"पडलो नाही भो. व्यायाम करू राह्यलो."

मजुराने खांद्यावरचा घड सावरला. मग म्हणाला, "माह्यीही कंबर दुखते." आणि घड बाजूला ठेवून तोही पालथा पडला.

"तू आधी दाखवून घे डॉक्टरले," गिरधरभाऊ म्हणाले.

"दाखवतो. पण पडून तर बघू दे."

दुपारी कुंदाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा केळीच्या सावलीत एका ओळीत आठ-दहा पुरुष पालथे पडून एकाच वेळी माना वर करत होते, खाली घालत होते. ट्रक बांधावर रिकामा उभा होता आणि ट्रकचा ड्रायव्हरही ओळीच्या शेवटी होता. कुंदाबाईंनी डबा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघितलं.

"उठून जेवणार," त्यांनी विचारलं, "का असंच वाढू?"